नाताळआधीची पंगत आणि निवणारे पातेले

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, लंडनची भुयारी रेल्वे बंद असते आणि शहरातल्या बसही धावत नाहीत. इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला कायद्यानेच मनाई आहे. रस्ते ओस पडतात, कारण जो तो आपल्या माणसांत जेवायला गेलेला असतो. ज्यांची माणसे सांगलीला, नाशिकला किंवा मडगावला आहेत, त्यांना तो दिवस खायला उठतो. म्हणून तिथल्या अनेक मराठी घरांत मोठी पंगत बसते ती नाताळच्या आधीच्या एखाद्या शनिवारी. कार्यालयातले सहकारी, शेजारचे म्हातारे जोडपे, सप्टेंबरमध्ये शिकायला आलेली आणि अजून थंडीला न सरावलेली दोन-तीन मुले, २५ तारखेला रुग्णालयात ड्युटी असलेली केरळची परिचारिका, अशी पंधरा-वीस माणसे जमतात. मधोमध टर्की असते, कारण पाहुण्यांना ती अपेक्षित असते. बाजूला मसालेभात असतो, कारण यजमानांना तो हवा असतो. शाकाहारी मंडळींसाठी राजमा किंवा छोले. मडगावचा मित्र घरून सोरपोतेल घेऊन येतो.

या जेवणात दगा होतो तो बहुधा पदार्थामुळे नव्हे. तो होतो वेळेमुळे. चार माणसांचा स्वयंपाक वर्षानुवर्षे उत्तम करणारा हात वीस माणसांच्या स्वयंपाकाला लागला, की त्याचे नेहमीचे अंदाज चुकू लागतात, आणि ते चुकले आहेत हे चवीवरून किंवा वासावरून कळत नाही.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. पातेल्याची रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली, की आतला ऐवज आठपट होतो, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग मात्र चारपटच मिळतो. चार वाट्या रस्सा गॅसवरून उतरवला तर तासाभरात कोमट होतो. दहा लिटरचे पातेले झाकण घालून ओट्यावर ठेवले, तर रात्री अकराला उतरवलेला रस्सा पहाटेही मध्यभागी उबदार असू शकतो. घरातली गृहिणी किंवा गृहस्थ सकाळी झाकण उघडतात, वास घेतात, 'छान आहे' म्हणतात. खरोखरच छान असतो. जिवाणूंची संख्या धोक्याच्या पातळीला पोहोचली तरी वास बदलेलच असे नाही.

त्या उबदार मध्यभागात काय चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू मातीत असतो, जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यातही असतो. मांसात आणि मसाल्यांतही तो सापडतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात पडून राहतो. ही बीजे उकळत्या पाण्यातही तगतात. उलट स्वयंपाकाची उष्णता त्यांना जागे करते. रस्सा उकळला की त्यातला प्राणवायू निघून जातो, आणि या जिवाणूला प्राणवायू नकोच असतो. इतर जंतू उष्णतेने मेलेले असतात, म्हणजे स्पर्धाही उरलेली नसते. मग रस्सा निवत निवत साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, की हा वाढू लागतो, आणि अनुकूल स्थितीत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. दहा मिनिटांचा हिशेब धरला तरी दोन तासांत चार हजार पट. ग्रॅममागे शंभर जिवाणूंपासून सुरुवात झाली असेल, तर तेवढ्या वेळात ती संख्या चार लाखांवर जाते. आजार होण्यासाठी साधारणपणे ग्रॅममागे दहा लाखांच्या पुढे जावे लागते. पुढच्या वीस मिनिटांत तोही टप्पा ओलांडला जातो.

असे अन्न पोटात गेले, की हे जिवाणू आतड्यात विष तयार करतात. सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. ताप सहसा नसतो, उलटीही क्वचित. धडधाकट माणूस एका दिवसात बरा होतो, आणि म्हणूनच या आजाराची कोणी फारशी वाच्यता करत नाही. 'काल जरा जास्तच खाल्ले' असे म्हणून विषय संपतो. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज असा, की या एका जिवाणूमुळे त्या देशात दरवर्षी सुमारे दहा लाख लोक आजारी पडतात. त्याचे उद्रेक नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये अधिक दिसतात. ते महिने तिकडे मोठ्या पंगतींचे असतात.

पण प्रत्येकाचा विषय एका दिवसात संपत नाही. २०१२ च्या नाताळात लंडनच्या पूर्वेला हॉर्नचर्च इथल्या एका पबमध्ये नाताळचे जेवण जेवलेल्या तीसहून अधिक जणांना हाच त्रास झाला, आणि त्यातल्या एका महिलेचा काही दिवसांतच मृत्यू झाला. टर्की आदल्या दिवशी शिजवलेली होती. ती नीट गार केली नव्हती आणि वाढण्यापूर्वी पुरेशी तापवलीही नव्हती. पबच्या व्यवस्थापक आणि आचारी यांना २०१५ मध्ये तुरुंगवास झाला तो अन्नाच्या तापमानाच्या नोंदी मागाहून खोट्या रचल्याबद्दल. ते व्यावसायिक स्वयंपाकघर होते. तिथे निदान नोंदी ठेवायचा नियम तरी होता. घरच्या स्वयंपाकघरात कोणाचीच देखरेख नसते.

यावर उपाय महाग नाही. शिजलेला पदार्थ दीड-दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये जायला हवा. त्यासाठी मोठ्या पातेल्याचे चार-पाच उथळ डबे करावे लागतात. थर दोन इंचांपेक्षा जाड नसावा. पातेलेच गार करायचे असेल, तर सिंकमध्ये बर्फाचे पाणी भरून त्यात ते ठेवून ढवळत राहावे. टर्की अख्खी ठेवू नये, मांस हाडापासून सोडवून पसरून ठेवावे. खाताना पुन्हा तापवायचे ते 'गरम लागेल इतके' नव्हे, तर आतपर्यंत वाफा निघेपर्यंत. या जिवाणूच्या बाबतीत नीट तापवण्याचा उपयोग होतो, कारण वाढीला लागलेले जिवाणू बीजासारखे चिवट राहिलेले नसतात. अर्धवट तापवणे मात्र त्यांना आणखी थोडी ऊब देण्यासारखे आहे.

गोव्याच्या सोरपोतेलाचा इथे अपवाद सांगितला जातो. तो पदार्थ दोन-तीन दिवस मुरला की अधिक रुचकर लागतो, हे खरेच. त्यातल्या व्हिनेगरच्या आंबटपणाने जंतूंची वाढ रोखली जाते, हेही खरे. शिवाय जुन्या घरांमध्ये ते रोज एकदा उकळी आणून ठेवण्याची रीत होती, ती शहाणपणाचीच होती. पण परदेशात गेलेली पिढी व्हिनेगर कमी घालते, कारण पाहुण्यांना आंबट सोसत नाही, आणि रोज उकळी आणायला सवड नसते. मग नाव जुने राहते आणि त्याच्यामागचे संरक्षण निघून जाते. असे सोरपोतेल इतर कुठल्याही रश्शासारखेच फ्रीजमध्ये ठेवलेले बरे.

थंड देशातल्या स्वयंपाकघराबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बाहेर थंडी आहे, मग अन्न आपोआप टिकेल, असे नव्याने गेलेल्यांना वाटते. प्रत्यक्षात हिवाळ्यात ती घरे तापवलेली असतात. घरातले २० अंश तापमान हे पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्रीपेक्षा जास्तच असते. काही जण फ्रीज भरला म्हणून पातेले बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात ठेवतात. लंडनचा डिसेंबर एका रात्री शून्याला टेकतो आणि दुसऱ्या रात्री दहा-बारा अंशांवर असतो, त्यामुळे तो फ्रीज म्हणून भरवशाचा नाही. शिवाय तिथल्या वस्त्यांमध्ये रात्री कोल्हे फिरतात, तेही आमंत्रण समजून येतात.

फ्रीजचीही गंमत आहे. भाड्याच्या घरांत ओट्याखाली मावणारा छोटा फ्रीज असतो. तो चार माणसांच्या दूध-भाजीसाठी केलेला. त्यात वीस माणसांचे जेवण कोंबले, मध्येच गरम डबा सरकवला आणि पाहुण्यांसाठी दार सतत उघडत राहिले, की आतले तापमान पाच अंशांच्या खाली राहतच नाही. २००३ मध्ये बेल्जियममध्ये एका कुटुंबातल्या पाच मुलांनी दोन-तीन दिवसांपूर्वी केलेले पास्ता सॅलड खाल्ले. ते फ्रीजमध्येच होते. पण त्या फ्रीजचे तापमान १४ अंश भरले. सात वर्षांच्या मुलीचे यकृत निकामी होऊन तिचा मृत्यू झाला. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा तापमापक कुठल्याही मोठ्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. मेजवानीच्या आठवड्यात तो आत ठेवावा, आणि सरबते, शीतपेये, फळे अशी ज्यांना थंडाव्याची खरी गरज नाही ती मंडळी बाल्कनीत पाठवावीत.

बेल्जियमच्या त्या मुलीचा बळी घेणारा जिवाणू म्हणजे बॅसिलस सेरियस, आणि तो मराठी स्वयंपाकघराच्या फार जवळचा आहे. त्याला भात आवडतो. तांदळात त्याची बीजे असतात, ती शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात घरातल्या तापमानाला तासन्‌तास पडून राहिला, की हा जिवाणू वाढतो आणि भातातच विष तयार करतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला परतलेला भात खाऊन लोकांना तासा-दोन तासांत उलट्या सुरू होत, तेव्हा हे लक्षात आले. त्या उपाहारगृहांत भात भरपूर शिजवून बाहेरच ठेवत आणि लागेल तसा परतून देत. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. उलटी घडवणारे हे विष १२१ अंशांवरही तासाभराहून जास्त टिकते. म्हणजे कढईत कितीही खरपूस परतला, मायक्रोवेव्हमध्ये कितीही तापवला, तरी ते जात नाही. परफ्रिंजन्सच्या बाबतीत नीट तापवणे उपयोगी पडते. इथे नाही.

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट. त्याने आपण आजवर आजारी पडलो नाही, मग आताच काय झाले, असा प्रश्न कोणीही विचारेल. घरातला उरलेला भात वाटीभर असतो. तो लवकर निवतो, आणि खाणारे तिघे-चौघे असतात. कोणाला उलटी झालीच तर तिचे खापर पित्तावर फुटते. वीस माणसांचा मसालेभात मात्र अवाढव्य पातेल्यात, काजू-मटारांसह, दाबून बसलेला असतो. त्याच्या मध्यावर ऊब बराच वेळ टिकते. म्हणून लिंबूभातासाठी भात परातीत मोकळा करण्याची जी सवय आहे, तीच इथे वापरावी. उरलेला भात परातीत पसरला की अर्ध्या तासात गार होतो. मग तो डब्यात भरून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसाच्या आत संपवायचा.

आता टर्कीकडे. तिच्या बाबतीत मराठी हाताची एक सवय मोडावी लागते, आणि ती मोडणे अवघड जाते. आपल्याकडे मटण-चिकन बाजारातून आणले, की आधी ते नळाखाली खळाखळा धुतात, मग हळद-मीठ लावतात. तिथे मिळणारी टर्की किंवा कोंबडी साफ करून, बांधून आलेली असते. ती नळाखाली धरली की कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू तुषारांबरोबर ओट्यावर, कपबशांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर उडतो. धुतल्याने तो मांसावरून जात नाही. शिजवल्याने तो मरतो. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये 'कच्ची कोंबडी धुऊ नका' अशी मोहीमच चालवली. कॅम्पिलोबॅक्टरने ताप, पोटदुखी, कधी रक्तमिश्रित जुलाब होतात आणि आठवडाभरात बहुतेक जण बरे होतात. पण सुमारे हजारात एकाला त्यानंतर गुलियन-बारे सिंड्रोम होतो. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि पायांपासून लुळेपणा चढू लागतो. पुणेकरांना हे नाव नव्याने सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचा जो उद्रेक झाला, त्यात काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. तिथे संशय मुख्यतः पाण्यावर होता. टर्कीच्या बाबतीत तो ओट्यावर घ्यावा लागतो.

गोठवलेली टर्की वितळवायला लागणारा वेळ हा नवख्या यजमानाला हमखास चकवतो. फ्रीजमध्ये किलोला दहा-बारा तास धरावे लागतात. पाच किलोच्या टर्कीला दोन दिवसांहून जास्त. शुक्रवारी रात्री फ्रीझरमधून काढलेली टर्की शनिवारी दुपारी बाहेरून मऊ लागते, पोटात बर्फच असतो. ओव्हनमध्ये ती बाहेरून सोनेरी होते, आत कच्ची राहते. म्हणून रंगावर किंवा सुरी खुपसून येणाऱ्या पाण्यावर विसंबू नये. टोकदार तापमापक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा आणि ७५ अंश दिसल्याशिवाय टर्की बाहेर काढू नये. तंदूरच्या सवयीने दही-मसाला लावून ती रात्रभर ओट्यावर मुरत ठेवणे धोक्याचे. मुरवायची तर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून, म्हणजे तिचे पाणी खालच्या डब्यांवर ठिबकणार नाही.

शाकाहारी पाहुण्यांना यातून सुटका आहे असे वाटत असेल, तर राजम्याकडे पाहावे. तिकडे अनेक घरांत मंद आचेवर सात-आठ तास शिजवणारे विजेचे भांडे असते. सकाळी भरून ठेवायचे, संध्याकाळी जेवण तयार. भिजवलेला कच्चा राजमा त्यात थेट टाकू नये. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते. ते उकळल्याने नष्ट होते, पण ८० अंशांच्या मंद आचेने उलट अधिक तीव्र होऊ शकते. असे चार-पाच दाणेही एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणायला पुरेसे ठरतात. भिजवलेले पाणी फेकून, नव्या पाण्यात राजमा अर्धा तास खळखळून उकळावा, मग हवा तर त्या भांड्यात घालावा. आपला प्रेशर कुकर सोबत नेला असेल तर प्रश्नच नाही. चार शिट्ट्यांत काम होते. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो.

इथपर्यंतचे सगळे धोके वेळ आणि उष्णता सांभाळली की टळतात. एक धोका तसा टळत नाही. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे कुठे असते, हे करणाऱ्यालाही आठवून सांगावे लागते. काकडीच्या कोशिंबिरीत असते, भरल्या वांग्यात असते, रस्सा दाट करायला चमचाभर टाकलेले असते. ब्रिटनमध्ये सुमारे ५० मुलांमागे एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, आणि ज्याला ती आहे त्याला चमचाभर कूटही जिवावर बेतू शकते. तिथल्या कायद्याने उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ यांच्या जोडीला मोहरीही आहे. म्हणजे आपली फोडणीच त्या यादीत बसते. हिंगाचीही एक गोम आहे. डबीतला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. ज्या पाहुण्याला सिलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन चालत नाही, त्याच्यासाठी मुद्दाम केलेली तांदळाची भाकरी आणि मुगाचे वरण चिमूटभर हिंगाने वाया जाते. आमंत्रण देतानाच 'तुम्हाला काय चालत नाही?' हे विचारणे तिकडे आगाऊपणा समजला जात नाही. आपल्याकडे 'घ्या हो, थोडेसे खाऊन बघा' असा आग्रह असतो. ॲलर्जी असलेल्या माणसाला असा आग्रह करणे हा क्रूरपणा आहे, मग तो कितीही प्रेमाचा असो.

जेवताना एखाद्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घशात काही अडकल्यासारखे वाटू लागले किंवा श्वास लागला, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. त्या पाहुण्याजवळ अ‍ॅड्रिनॅलिनचे पेन असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून का होईना, लगेच टोचावे आणि तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. ब्रिटनमध्ये तो ९९९ आहे. त्या माणसाला आडवे ठेवावे. श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. पण उभे करून चालवत न्हाणीघरात नेऊ नये. रक्तदाब घसरलेला माणूस उभा केल्यावर कोसळतो.

अशा पंगतीत हिवाळ्यासाठी मुलाकडे आलेले आईवडील असतात, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी मधुमेही असतेच. जेवण एक वाजता सांगितलेले असते. टर्की साडेतीनला तयार होते. आजोबांनी घरच्या शिस्तीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी साडेबाराला घेतलेली असते, किंवा इन्सुलिन टोचून घेतलेले असते. त्यात कोणी आग्रहाने मसालेदार गरम वाइनचा पेला हातात दिला, तर रक्तातली साखर खाली यायला दुहेरी कारण मिळते, कारण मद्य यकृताला साखर सोडण्यापासून अडवते. मग आजोबा घामेजतात, असंबद्ध बोलतात, डुलक्या घेतात, आणि सगळे हसून म्हणतात, 'चढली वाटतं.' ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. पूर्ण शुद्धीवर असतील तर लगेच साखरेचे पाणी किंवा फळांचा रस द्यावा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता मदत बोलवावी. त्याहून सोपे म्हणजे टर्कीची वाट न पाहता त्यांना वरणभात आधी वाढावा. गोळी ताट समोर आल्यावर घ्यावी.

सर्वांत कठीण निर्णय असतो तो पंगत रद्द करण्याचा. हिवाळ्यात नोरोव्हायरसची साथ असते. ब्रिटनमध्ये तिला हिवाळी उलट्यांचा आजार असेच म्हणतात. घरातल्या मुलाला गुरुवारी उलट्या झाल्या, शुक्रवारी तो बरा झाला, शनिवारी वीस माणसे येणार आहेत. सामान आणलेले आहे, कोणी दोन तासांचा प्रवास करून येणार आहे, आणि वर्षातून एकदाच जमणारी ही मंडळी आहेत. तरीही उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास त्या व्यक्तीने स्वयंपाक करू नये आणि गर्दीत मिसळू नये, हा नियम मोडू नये. हा विषाणू अत्यल्प संख्येनेही लागण करतो, आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या जेलने नीटसा मरत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. यजमानांच्या घरातून तो शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे जातो आणि परिचारिकेबरोबर थेट वॉर्डात पोहोचतो. पंगत पुढच्या शनिवारी ढकलता येते. टर्की फ्रीझरमध्येच असेल तर तीही थांबते.

पंगतीनंतर कोणाला त्रास झालाच, तर बहुतेकदा क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएसचे पाणी घोट घोट पिणे आणि विश्रांती एवढे पुरते. शौचात रक्त दिसले, पाणीही पोटात ठरेनासे झाले, लघवी कमी झाली, ताप चढला, किंवा त्रास होणारी व्यक्ती गरोदर, म्हातारी, तान्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारी असेल, तर वाट पाहू नये. सुट्ट्यांमध्ये नेहमीचा दवाखाना बंद असतो. तेव्हा इंग्लंडमध्ये १११ या क्रमांकावर दिवसरात्र सल्ला मिळतो. तो क्रमांक आईवडिलांच्याही फोनमध्ये घालून ठेवावा आणि त्यांच्या औषधांची यादी इंग्रजीत लिहून फ्रीजच्या दारावर लावावी.

शेवटी उरतात डबे. मराठी घरातून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, आणि परदेशातला एकटा राहणारा विद्यार्थी तर त्या डब्यावर दोन दिवस काढतो. चार वाजता वाढलेले आणि नऊ वाजेपर्यंत टेबलावर पडलेले अन्न त्यात भरून दिले, तर तो दीड तास उबदार डब्यातून रेल्वेने प्रवास करतो, मग खोलीवरच्या सामायिक फ्रीजमध्ये कुठेतरी जागा शोधतो. त्यापेक्षा पाहुण्यांना द्यायचे जेवण वाढण्यापूर्वीच वेगळे काढून, गार करून, फ्रीजमध्ये ठेवावे आणि निघताना हातात द्यावे. डब्यावर तारीख लिहावी. टर्की आणि रस्सा दोन दिवसांत संपवा, एकदाच तापवा, कडकडीत तापवा, एवढे सांगावे. टेबलावर राहिलेला मसालेभात मात्र कोणाच्याही डब्यात घालू नये.